चहा स्वस्त झाला आणि अमेरिका पेटली

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात लोक तीन जहाजांवर चढले, ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या त्यांनी फोडल्या आणि सगळा चहा समुद्रात ओतला. शाळेच्या पुस्तकात या घटनेचं कारण एका ओळीत संपतं: इंग्लंडने चहावर कर लावला म्हणून लोक चिडले. पण त्या वर्षी चहा महागला नव्हता. नव्या कायद्यामुळे तो उलट स्वस्त होणार होता, चोरून आणलेल्या डच चहापेक्षाही स्वस्त. मग स्वस्त झालेला चहा कोणी पाण्यात का ओतेल?

उत्तरासाठी दहा वर्षं मागे जावं लागतं, कारण १७६३ मध्ये अमेरिकेत स्वातंत्र्य मागणारं जवळपास कोणीच नव्हतं. लोक स्वतःला इंग्रज म्हणवत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तेरा वर्षांनी त्याच लोकांनी राजाशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. या तेरा वर्षांतली प्रत्येक तक्रार सुटी घेतली तर किरकोळ वाटते. त्या एकमेकींत कशा गुंतत गेल्या, ते कळलं की क्रांती कळते.

आधी त्या वसाहतींचं चित्र पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या १३ वसाहती होत्या. उत्तरेला मॅसेच्युसेट्ससारख्या मासेमारी, जहाजबांधणी आणि व्यापारावर जगणाऱ्या. दक्षिणेला व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना, जिथे तंबाखू, भात आणि नीळ गुलामांच्या श्रमावर पिकत होती. १७७५ च्या सुमारास सगळ्यांची मिळून लोकसंख्या २५ लाखांच्या घरात होती आणि त्यातली सुमारे ५ लाख माणसं गुलाम होती.

प्रत्येक वसाहतीची स्वतःची निवडून आलेली असेंब्ली होती. व्हर्जिनियाची तर १६१९ पासून. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजा नेमायचा, पण त्याचा पगार असेंब्ली मंजूर करायची. हा बारकावा ध्यानात ठेवा, पुढे तो निर्णायक ठरणार आहे. मतदानाचा हक्क थोडीफार मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांनाच होता, तरी जमीन मिळणं सोपं असल्यामुळे इंग्लंडच्या मानाने इथे मतदार पुष्कळ होते. रस्ते, चर्च, गरिबांची सोय, स्थानिक कर हे सगळं गावसभा आणि असेंब्ली ठरवत. लंडनहून जहाज यायलाच सहा-आठ आठवडे लागायचे. पार्लमेंटने व्यापाराचे कायदे केले होते, तंबाखूसारखा माल इंग्लंडलाच पाठवायचा वगैरे; पण त्यांची अंमलबजावणी ढिली होती. चार-पाच पिढ्या या लोकांनी आपला कारभार आपणच पाहिला आणि लंडननेही त्यात फारसं लक्ष घातलं नाही.

हे सगळं बदललं ते एका जिंकलेल्या युद्धामुळे.

विजयाचं बिल

१७५६ ते १७६३ या काळात ब्रिटन आणि फ्रान्स जगभर लढले. अमेरिकेत हे युद्ध दोन वर्षं आधीच पेटलं होतं. (भारतातली प्लासी आणि वांदिवाशची लढाई याच मोठ्या संघर्षातल्या.) ब्रिटन जिंकला, कॅनडा त्याच्या ताब्यात आला, पण राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते १३ कोटींच्या वर गेलं. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा नुसत्या व्याजात जाऊ लागला. शिवाय अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायमचे ठेवायचं ठरलं.

लंडनची बाजू इथे समजून घेतलीच पाहिजे, नाहीतर ही सगळी गोष्ट दुष्ट राजा आणि शूर प्रजा एवढ्यावर येऊन थांबते. इंग्लंडमधला माणूस आधीच करांनी वाकला होता. १७६३ मध्ये सफरचंदाच्या दारूवर, म्हणजे सायडरवर कर लावला तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये दंगे झाले. वसाहतींतला माणूस मात्र अगदीच कमी कर भरत होता. त्यांच्या रक्षणासाठी आपण युद्ध लढलो, तर खर्चाचा थोडा भार त्यांनी उचलावा, हा मंत्र्यांचा विचार अन्यायाचा वाटत नाही. चूक भार टाकण्यात नव्हती. तो कोणाला न विचारता टाकला आणि कशा रीतीने टाकला, तिथे चूक झाली.

ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाने फर्मान काढलं: ॲपलाशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला कोणीही वस्ती करायची नाही. तिथल्या मूळ रहिवाशांनी, पाँटियाक या त्यांच्या नेत्याच्या नावाने ओळखला जाणारा उठाव नुकताच केला होता आणि लंडनला नवं युद्ध परवडणारं नव्हतं. पण त्या जमिनींवर शेतकऱ्यांपासून जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या जमीनदारांपर्यंत सगळ्यांचा डोळा होता. युद्ध जिंकून जमीन मिळाली आणि तिच्यावर पाऊल ठेवायला बंदी, असं त्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी शुगर ॲक्ट आला. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून काकवी आणायची आणि तिची रम गाळायची हा उत्तरेकडच्या वसाहतींचा मोठा धंदा. परदेशी काकवीवर जुनी जकात गॅलनला ६ पेन्स होती. ती कोणी भरतच नव्हतं, अधिकाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवलं की माल सुटायचा. नव्या कायद्याने जकात निम्मी केली, ३ पेन्स, पण ती काटेकोरपणे वसूल करायचं ठरवलं. तस्करीचा खटला स्थानिक ज्युरीपुढे न चालवता ज्युरी नसलेल्या नौदल न्यायालयात चालवायची सोय केली. असं एक न्यायालय थेट कॅनडातल्या हॅलिफॅक्सला बसवलं. दर कमी झाला, पण ज्युरीकडून न्याय मिळण्याचा हक्क हातचा गेला. इंग्रज माणसाला आपला सर्वांत जुना हक्क कोणता विचारलं असतं, तर त्याने हाच सांगितला असता.

पुढे हे पुन्हा पुन्हा घडताना दिसेल. पैशाचा बोजा लहान असतो, त्याच्यासोबत येणारा अधिकाराचा प्रश्न मोठा असतो.

कागदावरचा शिक्का

मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट मंजूर केला. १ नोव्हेंबरपासून खरेदीखत, करारपत्र, कोर्टाचे कागद, जहाजाची कागदपत्रं, वर्तमानपत्र, पंचांगासारखं वार्षिक अल्मनॅक, एवढंच काय पत्त्यांचा जोड, सगळ्यांवर शिक्का हवा आणि शिक्क्याचे पैसे ब्रिटिश चलनात. आपल्याकडे स्टॅम्प पेपरची सवय असल्यामुळे यात विशेष काही वाटत नाही. इंग्लंडमध्येही असा कर जुनाच होता. पण वसाहतींत आजवर पार्लमेंटने जकात लावली होती ती व्यापाराला वळण लावण्यासाठी. लोकांच्या रोजच्या व्यवहारातून थेट महसूल काढणारा हा पहिला कर. आणि तो नेमका वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले यांच्यावर पडत होता. समाजात सर्वांत जास्त बोलणारे, लिहिणारे आणि ज्यांच्या दुकानात चार माणसं जमतात असेच हे लोक.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणा इथून रुजली. तिच्यामागचं तत्त्व इंग्लंडचंच होतं: माणसाच्या संमतीशिवाय त्याची मालमत्ता घेता येत नाही आणि संमती देतो तो त्याने निवडलेला प्रतिनिधी. सोसायटीची वर्गणी वाढली तर आपण सभेत भांडतो, शेवटी हात वर करतो आणि भरतो. शेजारच्या सोसायटीने ठराव करून आपल्याला वर्गणीची पावती पाठवली, तर रक्कम दहा रुपये असली तरी आपण विचारू, तुम्ही कोण? वसाहतींचा प्रश्न हाच होता. त्यांचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नव्हता.

लंडनचं उत्तर असं की पार्लमेंटचा सदस्य आपल्या मतदारसंघापुरता नसतो, तो सगळ्या साम्राज्याचं प्रतिनिधित्व करतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नाही, ते कुठे कुरकुरतात? खरंच नव्हता. आणि ओल्ड सॅरम नावाच्या, जवळपास ओसाड पडलेल्या जागेला मात्र दोन खासदार होते. लंडनमधल्या मंत्र्यांना ही व्यवस्था स्वाभाविक वाटायची. गावसभेत समोरासमोर भांडून प्रतिनिधी निवडणाऱ्या मॅसेच्युसेट्सच्या शेतकऱ्याला ती समजणंच शक्य नव्हतं. माझ्या मते दोघांमधली खरी दरी ही होती. शब्द तेच होते, पण दीडशे वर्षांच्या वेगवेगळ्या सवयींमुळे त्यांचे अर्थ वेगळे झाले होते.

१४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये शिक्क्यांचा नियोजित वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगलेला दिसला. संध्याकाळी जमावाने त्याची इमारत पाडली. ऑलिव्हरने पद सोडण्याचं कबूल केलं. बारा दिवसांनी लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन याचा वाडा लोकांनी एका रात्रीत भुईसपाट करायचाच बाकी ठेवला. हे लोण वसाहतीमागून वसाहतीत पसरलं, ‘सन्स ऑफ लिबर्टी’ नावाचे गट उभे राहिले, आणि १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा शिक्के वाटायला जवळजवळ कुठेच माणूस उरला नव्हता. ऑक्टोबरमध्ये ९ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी एकत्र निवेदन पाठवलं. एरवी सीमेवरून, व्यापारावरून आपसात भांडणाऱ्या वसाहती आपण होऊन एकत्र बसण्याची ही जवळजवळ पहिलीच वेळ.

पण पार्लमेंट हललं ते निवेदनाने नाही. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं थांबवलं आणि इंग्लंडमधले कारखानदारच आपल्या सरकारकडे कायदा मागे घ्या म्हणून धावले. फेब्रुवारी १७६६ मध्ये पार्लमेंटपुढे वसाहतींच्या बाजूने बेंजामिन फ्रँकलिनची साक्ष झाली. १७६३ पूर्वी अमेरिकेच्या ब्रिटनविषयी काय भावना होत्या, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, जगात याहून चांगल्या असू शकत नाहीत अशा. मार्चमध्ये कायदा रद्द झाला आणि वसाहतींत राजाच्या नावाने दिवे लागले, मेजवान्या झाल्या.

त्याच दिवशी पार्लमेंटने आणखी एक छोटा कायदा केला, डिक्लेरेटरी ॲक्ट. वसाहतींसाठी ‘कोणत्याही बाबतीत’ कायदा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असं त्यात म्हटलं होतं. आनंदाच्या भरात याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. कर गेला होता, प्रश्न तसाच राहिला होता.

पगार कोण देतो?

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयात जकात लावली. तुम्हाला अंतर्गत कर नको ना, मग हा घ्या बंदरावरचा, असा त्याचा हिशेब. पण या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची तरतूद कायद्यात होती. आता तो बारकावा आठवा. असेंब्लीच्या हातात गव्हर्नरला ताळ्यावर ठेवणारी एकच दोरी होती, त्याचा पगार. ती दोरी लोकांच्याच पैशाने कापली जाणार होती. कर थोडा असो की जास्त, यापुढे गव्हर्नरने असेंब्लीचं ऐकायचं काही कारणच उरणार नव्हतं.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला, आणि या वेळी तो घराघरांत पोचला. बायका एकत्र बसून सूत कातू लागल्या, घरी विणलेलं जाडंभरडं कापड घालणं देशप्रेमाचं लक्षण झालं, चहाऐवजी रानपाल्याचे काढे उकळले जाऊ लागले. स्वदेशी चळवळीच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे फार ओळखीचं वाटतं. बायकांना मत नव्हतं, असेंब्लीत जागा नव्हती. पण घरात काय विकत आणायचं हे त्या ठरवत होत्या, त्यामुळे राजकारण पहिल्यांदा त्यांच्या हातात आलं. बहिष्कार मोडणाऱ्या दुकानदारांची नावं वर्तमानपत्रात छापली जात. कधी त्यांच्या दुकानावर घाण फेकली जाई, आणि पुढे जकात अधिकाऱ्यांना, खबऱ्यांना डांबर फासून पिसं चिकटवण्यापर्यंत मजल गेली. या चळवळीत दहशत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

१ ऑक्टोबर १७६८ ला ब्रिटिश फौज बॉस्टनमध्ये उतरली. शांततेच्या काळात शहरात लष्कर म्हणजे जुलूम, हे इंग्रजांच्या मनात त्यांच्या स्वतःच्या इतिहासाने ठसवलं होतं. तुटपुंज्या पगाराचे सैनिक सुट्टीत मजुरीही करत, त्यामुळे स्थानिक कामगारांशी त्यांची रोजची बाचाबाची. ५ मार्च १७७० च्या संध्याकाळी बर्फाचे गोळे आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. त्यांत आफ्रिकी आणि मूळ रहिवासी वंशाचा खलाशी क्रिस्पस ॲटक्सही होता. सैनिकांचं वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतलं, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. कॅप्टन आणि बहुतेक सैनिक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. स्वतःच्या शत्रूंना न्याय देणारी ती ज्युरी मला या सगळ्या गोष्टीतली फार मोठी बाब वाटते. आपण न्यायासाठी भांडतो आहोत, हे तिने सिद्ध केलं.

योगायोग असा की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये नवे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी टाउनशेंडच्या जकाती रद्द करायचा प्रस्ताव मांडला. एक वगळून सगळ्या. चहावरची राहिली, रतलामागे (साधारण अर्ध्या किलोमागे) ३ पेन्स, पार्लमेंटचा अधिकार शाबूत आहे हे दाखवण्यापुरती.

नंतरची तीन वर्षं बरीचशी शांत गेली. या शांत काळातच बॉस्टनमधल्या चळवळीचा पुढारी सॅम्युअल ॲडम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १७७२ मध्ये बॉस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती नेमली. काम साधं, गावागावांना पत्रं लिहायची, काय चाललंय ते कळवायचं आणि त्यांचं मत मागवायचं. मॅसेच्युसेट्समधल्या गावांनी अशाच समित्या नेमल्या. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाच्या असेंब्लीने सगळ्या वसाहतींना तसंच करायला सुचवलं. या समित्यांकडे ना पैसा होता ना शस्त्रं. होतं ते पत्त्यांचं जाळं.

कंपनीचा चहा

आता चहा. ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळवली, पण १७६९-७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. तरी कंपनीची सारावसुली थांबली नाही. लष्करी खर्च, अधिकाऱ्यांची लूट, भागधारकांना वाढवून दिलेला लाभांश आणि १७७२ मधलं युरोपातलं आर्थिक संकट यांनी कंपनी दिवाळखोरीच्या कडेला आली. लंडनच्या गोदामांत चीनहून आणलेला सात-आठ हजार टन चहा पडून होता. सरकारने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि बदल्यात कंपनीवर अंकुश ठेवणारा कायदा केला. तोच १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, जो आपल्याकडे स्पर्धा परीक्षेला बसणारा प्रत्येक जण पाठ करतो. त्याच सुटका योजनेचा दुसरा भाग म्हणजे टी ॲक्ट. कंपनीला चहा थेट अमेरिकेत, स्वतः निवडलेल्या मोजक्या एजंटांमार्फत विकायची मुभा मिळाली. इंग्लंडमधली जकात माफ झाली आणि ३ पेन्सची अमेरिकेतली राहिली.

म्हणून चहा स्वस्त झाला. आणि म्हणूनच तो धोक्याचा वाटला. लोकांनी मोहाने तो घेतला की पार्लमेंटचा कर त्यांनी स्वतःच्या हाताने मान्य केल्यासारखं होणार होतं. बाकीच्या चहा व्यापाऱ्यांचा, चोरट्या आणि सरळ दोन्ही, धंदा बुडणार होता. बॉस्टनमधल्या एजंटांत आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनची दोन मुलं होती. शिवाय कंपनीने बंगालमध्ये काय केलं, हे अमेरिकेत पोचलं होतं. पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने १७७३ च्या अखेरीस लिहिलं की या कंपनीने आशियात युद्धं लावली, राजे पदच्युत केले, नफ्यासाठी लाखोंचा बळी दिला, आणि आता तिची नजर अमेरिकेकडे वळली आहे. बंगालच्या भुकेचा संदर्भ बॉस्टनच्या चहाला आहे, हे आपण भारतीय वाचकांनी तरी विसरू नये.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाने चहाची जहाजं परत पाठवली. चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून कोठारात बंद केला. बॉस्टनमध्ये हचिन्सन हटून बसला, जकात भरल्याशिवाय जहाज बंदर सोडणार नाही. नियमाप्रमाणे २० दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करून उतरवणार होतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबरला, ओल्ड साउथ सभागृहात काही हजार लोक जमले, गव्हर्नरचा शेवटचा नकार आला, आणि मग रात्री जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. नुकसान सुमारे १०,००० पौंडांचं. जहाजांना आणि इतर मालाला त्यांनी धक्का लावला नाही.

शिक्षा, आणि सरकारमागे उभं राहिलेलं दुसरं सरकार

लंडनमध्ये संताप उसळला. १७७४ मध्ये पार्लमेंटने एकामागोमाग कायदे केले: चहाची भरपाई होईपर्यंत १ जूनपासून बॉस्टन बंदर बंद. मॅसेच्युसेट्सची सनद बदलून वरचं सभागृह राजनियुक्त. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षाला एकाहून जास्त गावसभा नाही. सरकारी अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप आला तर खटला इंग्लंडमध्ये नेता येईल. सैन्याच्या राहण्याची सोय गव्हर्नर ठरवेल. गव्हर्नर म्हणून आला लष्कराचा सेनापती थॉमस गेज.

हेतू एका वसाहतीला धडा शिकवून बाकीच्यांना घाबरवायचा होता. परिणाम नेमका उलटा झाला. चहा बुडवणं अनेकांना पटलं नव्हतं. फ्रँकलिन आणि वॉशिंग्टनही नाराज होते. पण एका वसाहतीची सनद पार्लमेंट मनाला येईल तशी फाडू शकतं, तर उद्या कोणाचीही. डिक्लेरेटरी ॲक्टमधल्या ‘कोणत्याही बाबतीत’ या शब्दांचा अर्थ आता सगळ्यांना समजला. दक्षिणेतून तांदूळ, शेजारून मेंढ्या आणि धान्य बॉस्टनकडे येऊ लागलं.

मॅसेच्युसेट्सच्या ग्रामीण भागात १७७४ च्या उन्हाळ्यात जे घडलं, ते लढाया आणि सेनापतींच्या गोष्टीत हरवून जातं. मला तर खरी क्रांती तिथेच दिसते. ६ सप्टेंबरला वूस्टर गावात आसपासच्या ३७ गावांतले सुमारे ४,६०० लोक न्यायालयासमोर जमले. नव्या कायद्याखाली न्यायाधीश बसणार होते. लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा रांगा केल्या आणि न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन, आपला राजीनामा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत त्या रांगांमधून चालायला लावलं. एकही गोळी सुटली नाही. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतही असंच झालं. बॉस्टनबाहेर राजाची सत्ता त्या शरद ऋतूतच संपली होती. पहिली लढाई अजून सात महिने दूर होती.

त्याच सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सोडून १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला काँग्रेससाठी, म्हणजे वसाहतींच्या एकत्र सभेसाठी जमले. त्यांनी स्वातंत्र्य मागितलं नाही, राजाला अर्ज केला. पण १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल बंद, असं ठरवताना प्रत्येक गावात एक समिती निवडून तिने अंमलबजावणी करावी, असंही ठरवलं. आता या समित्या दुकानदारांच्या वह्या तपासू लागल्या, भाव ठरवू लागल्या, दोषींची नावं जाहीर करू लागल्या, नागरी सैन्याची कवायत घेऊ लागल्या. तक्रार पोचवायला उभी केलेली माणसं कारभार करायला लागली. त्यांना लोकांनी निवडलं होतं आणि त्यांचं ऐकलं जात होतं. माझ्या मते तक्रारीची क्रांती होते ती याच टप्प्यावर. राग तर अनेक देशांत, अनेक काळांत असतो. रागावलेल्या लोकांच्या हाती स्वतःची चालती यंत्रणा असते, तेव्हा जुनं सरकार अनावश्यक वाटू लागतं.

१७७५ च्या पहिल्या लढाईत लढलेला लेव्ही प्रेस्टन म्हातारा झाल्यावर एका तरुणाने त्याला विचारलं होतं, स्टॅम्प ॲक्टमुळे लढलात का? त्याने सांगितलं, मी एकही शिक्का पाहिला नाही. चहाच्या करामुळे? मी त्या चहाचा थेंबही प्यायलो नाही. मग स्वातंत्र्यावरचे ग्रंथ वाचून? आम्ही बायबल, स्तोत्रं आणि अल्मनॅक वाचायचो. मग का? त्याचं उत्तर असं: आम्ही नेहमी स्वतःचा कारभार स्वतः केला होता आणि पुढेही करणार होतो. आम्ही तो करू नये, असं त्यांना वाटत होतं.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री गेजने काँकॉर्डमधली शस्त्रं जप्त करायला सुमारे ७०० सैनिक पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे वाटेवरच्या लेक्सिंग्टनच्या मैदानात आठ स्थानिक मेले. परतीच्या वाटेवर गावोगावच्या लोकांनी फौजेला भिंती-झाडांआडून झोडपलं. ७३ सैनिक ठार झाले. तरीही जुलैमध्ये काँग्रेसने राजाकडे तडजोडीचा शेवटचा अर्ज पाठवला. तोवर लोकांचा समज असा होता की दोष पार्लमेंटचा आणि मंत्र्यांचा, राजा आपला आहे. तिसऱ्या जॉर्जने अर्ज स्वीकारलाच नाही, ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं आणि लवकरच जर्मन भाडोत्री सैनिक घेतल्याची बातमी आली. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन या, इंग्लंडहून येऊन जेमतेम वर्ष उलटलेल्या माणसाने ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका काढली. राजाला थेट लक्ष्य करणारी, खानावळीत मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा भाषेतली. ४ जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तब्बल २७ तक्रारींची यादी आहे. ‘सर्व माणसं समान आहेत’ हे वाक्य आज जगाला पाठ आहे. त्या काळच्या लोकांसाठी मात्र हा जाहीरनामा आधी तक्रारअर्ज होता, फक्त वाचणारा बदलला होता. आता तो जगाला उद्देशून होता.

या समानतेतून कोण बाहेर राहिलं, तेही सांगायला हवं. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मसुद्यात होता, काँग्रेसने तो गाळला. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचा रस्ता ब्रिटिश छावणीकडे जात होता आणि हजारो जण त्या रस्त्याने गेले. पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने राजाचं १७६३ चं फर्मान हीच एक भिंत होती. क्रांतीने ती पाडली. राजनिष्ठ राहिलेले सुमारे ६०,००० लोक युद्धानंतर देश सोडून गेले, अनेक जण कॅनडात.

फ्रान्स १७७८ मध्ये अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि लढाई पुन्हा जगभर पसरली. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता आणि इंग्रजांची झोप उडाली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं, तेव्हा ब्रिटन अमेरिकेतही अडकलेला होता. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये हत्यार टाकलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला. १७९० मध्ये टिपूविरुद्ध त्याने पेशव्यांशी करार केला.

१७८३ च्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली आणि तिच्या डोक्यावर आता स्वतःच्या युद्धाचं कर्ज होतं. मॅसेच्युसेट्सने ते फेडायला जबर कर लावले. सप्टेंबर १७८६ मध्ये शेतकऱ्यांनी पुन्हा वूस्टरचं न्यायालय बंद पाडलं, अगदी १७७४ सारखंच. त्यांच्या म्होरक्यांतला डॅनियल शेज क्रांतियुद्धात अधिकारी होता. या वेळी सर्वांत कठोर शिक्षा मागणाऱ्यांत सॅम्युअल ॲडम्स होता. राजाविरुद्धचं बंड माफ होऊ शकतं, पण लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्धच्या बंडाला मृत्यूचीच शिक्षा हवी, असं त्याचं मत. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली. तिने केंद्राला कर बसवण्याचा अधिकार दिला, आणि महसूल उभारणारं प्रत्येक विधेयक आधी लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातच मांडलं पाहिजे, असं कलम घातलं.